मुलांसाठी पाच चरित्रपुस्तिका : नाशिकच्या सिडकोतल्या वाचनालयाच्या नोंदी

३ ऑगस्ट

काम ठरलं. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी पाच स्त्रियांवर पाच पुस्तिका. प्रत्येकी १६ पानं, ए-फाइव्ह आकार, आत काळं-पांढरं, कव्हर रंगीत, मधोमध पिना. प्रत्येकीच्या ३०० प्रती. मुदत ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी शाळाशाळांत कार्यक्रम असतात, तेव्हाच वाटल्या तर वाचल्या जातील.

आमच्या कपाटात थोर स्त्रियांची चरित्रं कमी नाहीत. पण देवघेवीची वही चाळली तर ती बाहेर जातात फक्त वक्तृत्व स्पर्धेच्या आठवड्यात. परत येतात तेव्हा पहिलं पान मळलेलं असतं आणि शेवटचं. जन्म आणि निधन. मधली पानं करकरीत. त्यामुळे तसलीच आणखी पाच पुस्तकं आणून कपाट भरण्यात अर्थ नव्हता.

यादीवरून पहिल्याच बैठकीत वाजलं. जिजाबाई आणि झाशीची राणी हव्यातच, असं निम्म्यांचं म्हणणं. शेवटी एक अट घातली : त्या बाईनं हातानं नेमकं काय काम केलं, हे पानावर दाखवता आलं पाहिजे. नुसतं ‘महान कार्य’ चालणार नाही. त्यात पाच उरल्या. सावित्रीबाई फुले, डॉ. आनंदीबाई जोशी, शास्त्रज्ञ कमला सोहोनी, सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आणि आपल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत.

हाताशी सभासदांची वर्गणी आणि एका दात्याची देणगी मिळून तीस हजारांच्या आसपास. लिहिणारे आम्ही तिघं. चित्रं काढणार एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, त्यांना सगळे बाईच म्हणतात. मजुरी कुणालाच नाही.

१० ऑगस्ट

पहिले दोन मसुदे पोरांपुढे ठेवले. आनंदीबाई आणि सावित्रीबाई. झेरॉक्स काढून प्रत्येकाला एक प्रत आणि एक पेन्सिल दिली. सांगितलं, कंटाळा येईल तिथं समासात फुली मारा, काही विचारावंसं वाटलं तर प्रश्नचिन्ह. वाचून झाल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारलं की सगळी मुलं हो म्हणतात. फुल्या मात्र खोटं बोलत नाहीत. कुणाला असं काम करायचं असेल तर ही पद्धत जरूर वापरा, खर्च झेरॉक्सचा तेवढा.

फुल्या कुठं पडल्या? ‘बालपणापासूनच त्या कुशाग्र बुद्धीच्या होत्या’ इथं जवळजवळ सगळ्यांची. ‘समाजाच्या रोषाला न जुमानता’ इथंही. पुरस्कार, सन्मान, गौरव असे परिच्छेद आले की फुल्यांची रांगच.

प्रश्नचिन्हं मात्र भलत्याच जागी. अमेरिकेला जायला पैसे कुणी दिले? बोटीत किती दिवस लागले? इंग्रजी कुठं शिकली? थंडीत साडीच नेसायची का? पाचवीतल्या एका मुलीनं आनंदीबाईंच्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘हे चांगले का वाईट?’

२४ ऑगस्ट

आनंदीबाई नव्यानं लिहायला घेतली. आधी आमच्यापुरते नियम केले. गुण सांगणारी विशेषणं काढायची. मनातले आणि तोंडचे रचलेले संवाद काढायचे, म्हणजे ‘आनंदी मनाशी म्हणाली’ बंद. आणि एका पानावर एकच काम.

विशेषणं काढल्यावर मसुदा निम्म्यावर आला. हे अपेक्षित नव्हतं. आपण किती हवा भरत होतो ते तेव्हा कळलं. मोकळ्या झालेल्या जागेत पोरांच्या प्रश्नांची उत्तरं बसवली. कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ ला निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली, म्हणजे जवळपास दोन महिने पाण्यावर. तिथल्या थंडीत नऊवारी पुरेना म्हणून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागली. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस पूर्ण व्हायच्या आत. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक झालेली होती, एकही दिवस काम करता आलं नाही. हे सगळं सरळ वाक्यांत लिहिलं. शेवटच्या पानावर ‘अजरामर’ वगैरे काही नाही.

गोपाळरावांवरून आमच्यात दोन तट पडले. त्यांनी बायकोला शिकवलं हे खरं, आणि अभ्यास टाकून ती स्वयंपाकघरात दिसली की मारलं हेही खरं. आनंदीबाईनं स्वतःच पत्रात त्यांना तसं लिहिलंय. एकीचं म्हणणं, दहा-अकरा वर्षांच्या पोरांना हे कशाला? दुसरीचं म्हणणं, त्या वयाची पोरं घरात काय काय बघतात ते तुम्हाला माहीत नाही का? शेवटी दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाखाली एक छापायच्या असं ठरलं. निकाल वाचणाऱ्यानं द्यावा. माझं मत विचाराल तर हेच पान या पुस्तिकेतलं सगळ्यात कामाचं आहे.

९ सप्टेंबर

गणपतीत काम ठप्प. बाई मखरात गुंतलेल्या, मी मंडळाच्या वर्गणीच्या हिशोबात.

१४ सप्टेंबर

सरस्वतीबाई फाळके. या पुस्तिकेची सगळ्यांनाच धास्ती होती, कारण दादासाहेबांबद्दल लिहिता लिहिता सरस्वतीबाई कडेला जातात. दादासाहेब त्र्यंबकचे, पुढं कंपनी नाशिकला आणली, वारलेही इथंच, १९४४ मध्ये. पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक सगळ्या पोरांनी सहलीत पाहिलेलं. सरस्वतीबाईंचं नाव मात्र एकालाही माहीत नव्हतं.

पहिला मसुदा ‘पतीच्या खांद्याला खांदा लावून’ या थाटाचा झाला होता. फाडला. दुसऱ्यात सुरुवातच भोकांपासून केली. ‘राजा हरिश्चंद्र’ या दादासाहेबांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं रात्री अंधारात यंत्रावर पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंचं. फिल्म धुण्याची रसायनं कालवणं त्यांचं. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं त्यांचं. आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांचाच. दागिने गहाण पडले ते वेगळंच. तारामतीचं काम कर म्हणून नवऱ्यानं विचारलं, तर नाही म्हणाल्या. ते काम मग अण्णा साळुंके या पुरुषानं केलं.

सातवीतल्या एकानं विचारलं, भोकं किती? इथं आमच्या गणिताच्या सरांची मदत झाली. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला एका बाजूला ४ भोकं, दोन्ही बाजूंची मिळून ८. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. ३,७०० गुणिले १६ गुणिले ८, म्हणजे ४,७३,६०० भोकं. पडद्यावर दिसली तेवढ्याच फिल्मची ही, वाया गेलेली धरलेलीच नाही. फळ्यावर हा आकडा आला तेव्हा पोरं जी गप्प झाली तसली शांतता कुठल्याही ‘प्रेरणादायी’ने आजवर आणलेली नाही.

लगेच ठरलं, मधल्या जोडपानावर खऱ्या मापाची फिल्मपट्टी छापायची. ए-फाइव्हचं जोडपान उघडलं की रुंदी २९६ मिलिमीटर, फूट ३०५ चा. थोडक्यात हुकतं. बाईंनी पट्टी तिरकी बसवून पाहिली. बसली, पण मधल्या पिनांवर चौकटी चिरडायला लागल्या. शेवटी सरळच ठेवली आणि खाली लिहिलं, ‘ही पट्टी एका फुटाला बोटभर कमी आहे.’ पोरांनी तेवढ्याच लांबीच्या जाड कागदावर कंपासच्या टोकानं भोकं पाडून पाहिली. फुटातल्या सगळ्या भोकांना अख्खी दुपार गेली आणि ती भोकंही एका रेषेत नव्हती. ‘आता हेच अंधारात करा,’ असं बाई म्हणाल्या, तर दोघं खरंच दिवा घालवायला उठले.

२१ सप्टेंबर

कमला सोहोनी. कथा चांगली आहे, विज्ञान अवघड. १९३३ मध्ये बंगळूरच्या टाटा संस्थेत (आजची भारतीय विज्ञान संस्था) प्रवेश मागितला, सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला, या हटून बसल्या, मग वर्षभर पारखून बघू या अटीवर घेतलं. पुढं केंब्रिज, १९३९ मध्ये पीएच.डी. दुर्गा भागवतांच्या या सख्ख्या बहीण, हे सांगितलं की मोठी माणसंच जास्त चकित होतात.

अडलं ते सोहोनींनी बटाट्यात शोधलेल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनापाशी. तो परिच्छेद म्हणजे फुल्यांचं शेत. कुणीतरी सुचवलं, बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं, फेस येतो, मुलं खूश. कॉलेज रोडवरच्या औषधाच्या दुकानातून बाटली आणली, फेस झकास आला, मी पान लिहूनही टाकलं. विज्ञानाच्या एका बाईंनी वाचून लाल रेघ मारली : हा फेस कॅटलेज या विकराचा, सोहोनींनी बटाट्यात शोधलं ते सायटोक्रोम-सी. दोन्ही बटाट्यात असतात, पण काम निराळं. पान रद्द. त्याऐवजी एवढंच ठेवलं की कापलेला बटाटाही श्वास घेत असतो, आणि त्या श्वासात प्राणवायूपर्यंत साखळीनं इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या मंडळींपैकी सायटोक्रोम-सी हा एक. प्राण्यांत तो असतो हे ठाऊक होतं, वनस्पतींच्या पेशीतही असतो हे यांनी दाखवलं. फेसाचं चित्र देखणं झालं होतं, बाईंना हळहळ वाटली. पण चुकीचा प्रयोग एकदा पोरांच्या डोक्यात बसला की दहावीपर्यंत निघत नाही.

५ ऑक्टोबर

हरसूलकडे जाऊन आलो. ठक्कर बाजारहून त्र्यंबकमार्गे एसटी. पाऊस अजून हटत नाहीये. तिकडच्या एका शाळेत कविता राऊतचा मसुदा वाचून घ्यायचा होता. सिडकोतल्या पोरांना ती वर्तमानपत्रातली, इकडच्यांना शेजारच्या पाड्यावरची.

मजकुराला फुल्या कमी, चित्रांना जास्त. बाईंनी अनवाणी धावणारी मुलगी सपाट मैदानात काढली होती. मागं दोन नारळाची झाडं. एका मुलीनं विचारलं, ‘हे कुठलं?’ सावरपाड्याचं आहे म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. इकडं सपाट काय आहे? चढ, उतार, दगड, ओहोळ. नारळ तर नाहीच. तिनंच मग वहीच्या मागच्या पानावर वाट काढून दाखवली. कशी वळते, ओहोळ कुठं आडवा येतो, साग कुठं, भाताची खाचरं कुठं. ते पान मागून आणलं. पुस्तिकेतलं दुसरं चित्र त्यावरूनच केलंय आणि श्रेय ‘शाळेतील विद्यार्थिनीच्या रेखाटनावरून’ असं दिलंय.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘१०,००० मीटर’ म्हणजे किती, हे वाचून कळत नाही. म्हणून आकडे फेऱ्यांत मांडले. ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३३ मिनिटं ५.२८ सेकंद, कांस्य. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद, रौप्य. सुवर्ण आपल्याच प्रीजा श्रीधरनला, ३१ मिनिटं ५०.४७ सेकंद. पंचवीस फेऱ्यांनंतर दोघींत एक सेकंदसुद्धा फरक नाही. एका फेरीला साधारण ७६ सेकंद पडतात. शाळेच्या मैदानावर चुन्यानं २०० मीटर आखलेले होते. पोरं दोन फेऱ्या पळाली आणि आडवी झाली. घड्याळ लावणाऱ्या पोरानं हिशोब केला, ‘म्हणजे अजून चोवीस.’ हे वाक्य जसंच्या तसं पुस्तिकेत घेतलंय.

हयात व्यक्तीवर लिहिताना आम्ही एक पथ्य पाळलं. घरच्या गोष्टी, लग्न, नोकरीचे वाद यातलं काही नाही. जे मैदानावर झालं आणि नोंदलं गेलं, तेवढंच.

१२ ऑक्टोबर

फोटोंचा विषय. नेटवर दिसला म्हणून फोटो उचलायचा नाही, यावर ठाम राहा. आपल्याकडं लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. छायाचित्राचा २०१२ पर्यंत प्रकाशनापासून ६० वर्षं होता, आता तोही काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आनंदीबाईंच्या काळातले फोटो मोकळे आहेत. १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो, आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, मधल्या जोडपानावर घेतला. त्यावर पोरांनी इतके प्रश्न विचारले की त्या दोघींवरही अर्धं पान लिहावं लागलं.

कविता राऊतचे सगळे फोटो अलीकडचे, वृत्तपत्रांचे. ते नकोत. त्या फोटोवरून हुबेहूब चित्र काढणंही नको, तीही नक्कलच. बाईंनी शेजारच्या मुलीला मैदानावर पळायला लावून पायांची रेखाटनं केली. दोन संध्याकाळी गेल्या, पण चित्रात जीव आहे.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर अक्षरजुळणीला बसलो. इथं सगळ्यात जास्त वेळ बुडाला, म्हणून सविस्तर लिहितो.

मजकूर आमच्याकडं युनिकोडमध्ये. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणारे काका जुन्या पद्धतीचे, त्यांचं सगळं श्रीलिपी या युनिकोडशी न जुळणाऱ्या जुन्या फाँटांत. त्यांनी कन्व्हर्टरमधून मजकूर फिरवला आणि प्रूफ पाठवलं. वरवर ठीक. बारकाईनं वाचलं तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘ॲ’ सगळीकडं मोडलेला, काही जोडाक्षरं पाय मोडून पडलेली, आणि तारखांतले आकडे मधेच इंग्रजी. सोळा पानांत असे डाग इतके की दुरुस्त करण्यापेक्षा नव्यानं जुळवणं परवडलं असतं. काका भले माणूस, रात्री बसून दुरुस्त करत होते. पण एक दुरुस्त केलं की दुसरीकडं दुसरं उगवायचं.

शेवटी काकांच्या पाया पडून काम परत घेतलं आणि आम्हीच लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्येच पानं लावली. मजकुराला नोटो, मथळ्यांना बालू, हे दोन्ही फाँट फुकट आणि छापायला मोकळे. मजकूर १४ पॉइंट, ओळींतलं अंतर नेहमीपेक्षा सैल. देवनागरीत वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत अडकले की लहान मूल ओळ चुकतं.

आणखी एक मेख. मजकुराची भाषा ‘हिंदी’ लागलेली असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पोरं शाळेत मराठी वळणाचा ल गिरवतात. अख्खा मजकूर निवडून भाषा ‘मराठी’ केली की नोटोमध्ये अक्षरं आपोआप बदलतात. हे आम्हाला एका पालकानं सांगितलं, नाहीतर तसंच छापलं असतं.

९ नोव्हेंबर

सावित्रीबाई. सगळ्यात सोपी वाटली होती, सगळ्यात शेवटी झाली. १८४८, भिडेवाडा, शेण, दगड, दुसरं लुगडं : हे पोरांना बालवाडीपासून पाठ. तेच पुन्हा दिलं की फुली ठरलेली. म्हणून मधली सहा पानं त्यांच्या एका पत्राला दिली. २९ ऑगस्ट १८६८ ला नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि महार समाजातली सारजा यांचं प्रेम जमलं, ती गरोदर राहिली, गावकरी दोघांना मारायला निघाले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली, जमाव मागं हटला, आणि दोघांना जोतिरावांकडं पाठवलं.

‘गरोदर’ शब्द ठेवायचा का यावर पुन्हा चर्चा. ठेवला. पोरांनी तो बघून न बघितल्यासारखा केला. त्यांचा प्रश्न वेगळाच : ‘एकट्या बाईचं लोकांनी ऐकलं कसं?’ त्याच प्रश्नानं पान संपवलं, उत्तर छापलं नाही.

३० नोव्हेंबर

दरपत्रकं. कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, कव्हर २२० जीएसएम आर्ट कार्ड, लॅमिनेशन नाही. आठ पानं कागदाच्या एका बाजूला, आठ दुसऱ्या, म्हणजे दोन प्लेटांत पुस्तिका. पानं चारच्या पटीत नसतील तर प्रेसवाला कोरी पानं टाकतो, तेव्हा लिहितानाच मोजा. कव्हर डिजिटलवर. सगळं मिळून प्रतीमागं वीसच्या आत बसतंय.

दिवाळी अंकांचा हंगाम संपल्यावर प्रेस मोकळी असेल हा आमचा अंदाज फसला. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका, त्यापाठोपाठ कॅलेंडरं आणि डायऱ्या. नाशिकमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात छपाईचं छोटं काम घेऊन जाल तर रांगेत शेवटचे. जमल्यास सप्टेंबरात छापून मोकळे व्हा.

१४ डिसेंबर

एका पुस्तिकेची छपाई झाली, कापाई बिघडली. कविता राऊतच्या पुस्तिकेचे गठ्ठे कटिंगला तिरके बसले आणि निम्म्याअधिक प्रतींतले पानक्रमांक उडाले. काही ठिकाणी चित्रातल्या मुलीची टाचही. आमचे पानक्रमांक कडेपासून पाच मिलिमीटरवर होते. प्रेसवाल्याचं म्हणणं, एवढ्या कडेला काही ठेवतात का. आमचं म्हणणं, गठ्ठा सरळ लावायचा की नाही. बराच वेळ घासाघीस झाली. छपाई त्यांनी पुन्हा करून दिली, कागदाचे पैसे आम्ही दिले. उरलेल्या फायलींत पानक्रमांक बारा मिलिमीटर आत घेतले. दहाच्या आत काही ठेवू नका.

बिघडलेल्या प्रती फेकल्या नाहीत. त्या हरसूलला वाचून दाखवायला ठेवल्यात, पानक्रमांकावाचून तिथं अडत नाही.

२८ डिसेंबर

घडी आणि पिना घरीच. प्रेसमध्ये त्याचे प्रतीमागं दीड रुपये सांगत होते. लांब हाताचा स्टेपलर उसना मिळाला. मोठी पोरं घड्या घालतात, आया पिना मारतात, बाई पानं उलटसुलट नाहीत ना ते बघतात. सरस्वतीबाईंच्या काही प्रतींत पिना नेमक्या फिल्मपट्टीच्या भोकांवर बसल्या. कुणीतरी म्हणालं, चारच भोकं वाढली.

३ जानेवारी

सकाळी दोन शाळांत आणि संध्याकाळी वाचनालयात वाटप. भाषणं झाली, ती नेहमीसारखी.

१८ जानेवारी

हिशोब. एकूण ३१ हजारांच्या थोडं वर. पुन्हा लागलेला कागद आणि सुरुवातीच्या झेरॉक्सा धरून. वरचे पैसे आम्ही तिघांनी वाटून घेतले. प्रत २० रुपयांना ठेवलीय, शाळांना फुकट. विकल्या जातायत त्या बहुतेक शिक्षकांना.

देवघेवीच्या वहीत सरस्वतीबाई पुढे, आनंदीबाई दुसऱ्या. सावित्रीबाईंची पुस्तिका पोरं नेतात कमी, आया जास्त. कमला सोहोनी अजून पडून आहे. कव्हरवर त्या टेबलामागं बसलेल्या दाखवल्यात, तिथं बटाटा हवा होता असं आठवीतल्या एकाचं मत. बरोबर आहे. पुढच्या छपाईत कव्हर बदलणार.

शांताबाई दाणींची पुस्तिका आता हातात घ्यायची. आंबेडकरी चळवळीत दादासाहेब गायकवाडांबरोबर काम केलेल्या, आपल्या नाशिकच्या. पहिल्या यादीतून त्यांना बाजूला ठेवलं, कारण ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचं आत्मकथन आमच्यापैकी एकीनंच वाचलं होतं, आणि नुसत्या सांगोवांगीवर काळाराम सत्याग्रहाच्या गावात लिहिणं बरं नव्हे. आता तिघांनी वाचायचं, मगच मसुदा. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय गावात असताना संदर्भांसाठी पुण्याला जायची गरज नाही. दुसरी अहिल्याबाईंची, पण चांदवडचा रंगमहाल आधी बघून यायचा. यावेळी चित्रं तिथं बसूनच काढायची, असं बाईंनी बजावलंय.